दुःखाच्या वर्षातला नाताळ: प्रार्थना, उपासना आणि शांतीबद्दल काही नेमके प्रश्न

सांजवात

ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला आहे, त्या घरातल्या विश्वासी माणसांनी नाताळ कसा काढावा याबद्दल विचारायचं आहे. ‘देवावर भरवसा ठेवा, तो शांती देईल’ एवढं सगळेच सांगतात. ते खोटं नाही, पण पहाटे पाचला जाग आल्यावर करायचं काय, हे त्यातून कळत नाही. म्हणून प्रश्न सुटे करून विचारते.

प्रार्थनेला बसलं की शब्दच सुचत नाहीत, आणि सुचले तर तक्रारीचे. अशी प्रार्थना चालते का? चालत असेल तर करायची कशी? नाताळच्या उपासनेला जावं की यंदा राहू द्यावं? आणि मन शांत होत नाही म्हणजे विश्वास कमी पडतोय असं समजायचं का? मोघम नको. किती वेळ, कोणता अध्याय, कुठे चुकतं, असं सांगितलंत तर उपयोग होईल.

वचनवाचक

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तसाच राहिला तर बाकी सगळ्याचं ओझं होतं. नाही, तसं समजायचं नाही. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला ‘शोक करू नका’ असं लिहिलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, असं लिहिलं आहे (१ थेस्सल. ४:१३). शोक होणार हे त्याने धरूनच चाललं आहे. योहान १४:२७ मधलं शांतीचं वचनही येशूने अटकेच्या रात्री दिलं, आणि ऐकणारे शिष्य काही तासांत पळून जाणार होते. त्याच रात्री गेथशेमाने बागेत ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे’ असं तो स्वतः म्हणाला (मत्तय २६:३८). तेव्हा रडू थांबलं की शांती आली, हा हिशोबच मुळात चुकीचा आहे.

आता तक्रारीची प्रार्थना. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, त्यामुळे ‘चालते का’ हा प्रश्न उरत नाही. शिकायला स्तोत्र १३ घ्या. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार (‘कोठवर’ चार वेळा येतं), पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने स्वतःची प्रार्थना लिहायची.

वही घ्या, पंधरा मिनिटांचा गजर लावा. स्तोत्र एकदा मोठ्याने वाचा. मग देवाला हाक मारून तीन-चार ओळी तक्रार लिहा. ‘फार दुःख होतंय’ असं लिहून काही सुटत नाही. ‘संध्याकाळी सातला जिन्यावर पावलं वाजली की मान आपोआप दाराकडे वळते’ असं लिहा. त्यानंतर एकच मागणी, तीही आजच्यापुरती: ‘आज रात्री सलग चार तास झोप लागू दे’ एवढी लहान. शेवटी भरवशाची एक ओळ. ती मनातून येत नसेल तर बनवून लिहू नका. १३:५ जसंच्या तसं वहीत उतरवा आणि थांबा. तेही जमत नसेल तर स्तोत्र ८८ बघा. अठरा वचनं, आणि शेवट अंधारातच होतो, उजेडाकडे वळत नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

चुकतं दोन ठिकाणी. पहिली चूक म्हणजे तक्रार एका ओळीत उरकून ‘तरी प्रभू चांगला आहे’ वर उडी मारणं. मग जे बोलायचं राहिलं ते रात्री दोन वाजता उठवतं. दुसरी उलटी: लिहिता लिहिता तेच तेच फिरत राहणं. याची खूण सोपी आहे. पानावर ‘तू’ दिसेनासा झाला आणि फक्त ‘मी’, ‘ते’, ‘तेव्हा’ उरलं, तर प्रार्थना संपून घोकणं सुरू झालेलं असतं. तिथे वही मिटायची, गजर वाजलेला नसला तरी.

गव्हाणी

वरच्या पद्धतीला एक जोड: हे लिखाण रात्री झोपण्यापूर्वी करू नका. सकाळी किंवा दुपारी करा. झोपेच्या तोंडावर जखम उघडली की झोप जाते, आणि दुःखात झोप गेली की दुसऱ्या दिवशी सगळंच दुप्पट जड होतं.

१ राजे १९ नीट वाचून बघा. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही, विश्वासाबद्दल बोलत नाही. उठून खा म्हणतो. भाकर आणि पाणी. एलीया खातो, परत झोपतो, देवदूत परत उठवून खायला लावतो. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न येतो तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर पोहोचल्यावर. आपण बहुतेक वेळा हा क्रम उलटा करतो: रिकाम्या पोटी, जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी तासभर गुडघे टेकतो आणि मग ‘देव बोलत नाही’ म्हणतो.

म्हणून डिसेंबरभर उठण्याची वेळ एकच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. एका लांब प्रार्थनेऐवजी दिवसातून तीन लहान प्रार्थना धरा: उठल्यावर, दुपारी, झोपताना. प्रत्येकी पाच मिनिटं. लांब प्रार्थना चुकली की दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. लहान चुकली तर पुढची काही तासांवर असते.

शब्द सुचत नसतील तेव्हा श्वासाबरोबर करायची जुनी प्रार्थना आहे, पूर्वेकडच्या ख्रिस्ती मठांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली: ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ पाठ टेकून बसा. पहिला अर्धा भाग श्वास घेताना, ‘माझ्यावर दया कर’ श्वास सोडताना. घेणं साधारण चार अंकांचं, सोडणं सहा अंकांचं. सोडणं लांब असलं की छातीची धडधड उतरते. पाच मिनिटं पुरतात. यात हमखास होणारी चूक म्हणजे मुद्दाम खोल, जोरात श्वास ओढणं. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरल्यासारखं होतं. तसं झालं तर मोजणं सोडा, श्वास आपल्या चालीने चालू द्या आणि फक्त शब्द म्हणा. मन भरकटणारच. भरकटलं हे लक्षात आलं की पुन्हा पहिल्या शब्दावर या, स्वतःला न रागावता.

तेवढंही जमेना तर रोमकरांस ८:२६ वर विसंबा. काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असं तिथे आहे. नुसतं बसणंही मोजलं जातं.

मागचा_बाक

उपासनेबद्दल लिहितो. ‘जावं’ आणि ‘जाऊ नये’ यांच्या मधली एक वाट आहे: अर्ध्यातून निघता येईल अशी तजवीज करून जाणं. निघता येतं हे माहीत असलं की बरेचदा निघावं लागत नाही.

तजवीज म्हणजे काय, तर कडेची जागा, शक्यतो दाराच्या बाजूची. गाडी अशी लावा की दुसऱ्याच्या गाडीमागे अडकणार नाही. सोबतच्या एकाच माणसाला आधी सांगून ठेवा की मी उठलो तर मागे येऊ नकोस, दहा मिनिटांनी बघायला ये. गेलेल्या माणसाबरोबर दरवर्षी ज्या वेळेच्या उपासनेला जाणं व्हायचं ती वेळ यंदा बदला. मध्यरात्रीची असेल तर सकाळची धरा. सकाळी गर्दीही कमी असते.

गाण्यांचं वेगळं आहे. उपदेशात न येणारं रडू गाण्यात येतं. कारण गाताना श्वास लांब सोडावा लागतो आणि रडू दाबताना गळा आवळलेला असतो, दोन्ही एकदम होत नाही. गाऊ नका. पुस्तकात डोळे ठेवून नुसते शब्द वाचा. बाकीचे उभे राहिले तरी तुम्ही बसलात म्हणून बिघडत नाही. दिवे मालवून मेणबत्त्या लावतात तो भाग बहुतेकांना सर्वांत जड जातो, आणि तो सहसा शेवटाकडे असतो. त्याआधी निघालात तरी वचन आणि प्रार्थना मिळालेल्या असतात. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) असेल तर मात्र शक्यतो थांबा. तिथे काही बोलावं लागत नाही, चेहरा करावा लागत नाही, फक्त हात पुढे करायचा.

खरा त्रास उपासनेनंतरचा. दारात हस्तांदोलनाची रांग, आणि तिथे ‘हॅपी ख्रिसमस’ म्हणावं लागतं. शेवटचं गीत चालू असतानाच निघा. गाठलंच कोणी तर एक वाक्य तयार ठेवा: ‘आज फारसं बोलवत नाही, पण भेटून बरं वाटलं.’ एवढ्यावर बहुतेक जण हात दाबून पुढे जातात.

अनेक मंडळ्यांमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास शोक करणाऱ्यांसाठी वेगळी उपासना घेतात. उत्तर गोलार्धात ती वर्षातली सर्वांत मोठी रात्र. पाश्चात्त्य मंडळीच्या जुन्या दिनदर्शिकेत २१ डिसेंबर हा प्रेषित थोमाचा दिवस होता (रोमन कॅथलिक दिनदर्शिकेत १९६९ साली तो ३ जुलैला गेला). जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा थोमा त्या रात्रीला शोभतो, हे माझं मत.

तुमच्या मंडळीत अशी उपासना नसेल तर पाळकांना आगमनकाळाच्या (नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या) पहिल्याच आठवड्यात विचारा. शेवटच्या आठवड्यात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. चाळीस मिनिटं पुरतात: एक विलापाचं स्तोत्र, गेलेल्यांची नावं, प्रत्येक नावानंतर थोडी शांतता, योहान १:१–५, लहान प्रार्थना, प्रभुभोजन. उपदेश पाच मिनिटांच्या वर नको. अशा उपासना बिघडतात त्या एकाच कारणाने. घेणाऱ्याला शांतता सोसवत नाही, मग तो शेवटी सगळ्यांना हसवून घरी पाठवायला बघतो.

सांजवात

मनापासून आभार. स्तोत्र ८८ आजच वाचलं.

आणखी तीन गोष्टी. लोक म्हणतात ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं हवी असतात’. त्यावर काय बोलायचं? घरात लहान मूल आहे, ते विचारतं की येशूच्या वाढदिवसाला आजोबा येणार का. आणि ‘वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर’ हा विचार प्रार्थनेतही पाठ सोडत नाही, त्याचं काय करावं?

वचनवाचक

लोकांचं बोलणं: मुलं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले (ईयोब २:१३), तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तो देवाची बाजू घेऊन कारणं सांगणाऱ्या या मित्रांवर, ईयोबाला मात्र तो ‘माझा सेवक’ म्हणतो (४२:७). त्यामुळे त्या वाक्यांना तुम्ही मान डोलवलीच पाहिजे असं नाही. वादही घालू नका, तेवढी ताकद नसते. ‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ म्हणून विषय संपवा.

मुलाला ‘झोपले’ किंवा ‘देवाने नेलं’ सांगू नका. ‘झोपले’ म्हटलं की काही मुलं झोपायला घाबरतात. ‘देवाने नेलं’ म्हटलं की देव म्हणजे माणसं पळवणारा कोणीतरी वाटू लागतो आणि पुढचा नंबर आईचा का, हा प्रश्न येतो. येशूनेही लाजर झोपला आहे असं आधी म्हटलं, शिष्यांचा गैरसमज झाला, तेव्हा त्याने उघड सांगितलं की लाजर मेला आहे (योहान ११:११–१४). मोठ्यांचं असं झालं तर मुलांचं काय! तेव्हा साधं सांगा: ‘आजोबा मेले. त्यांचं शरीर आता चालत नाही, त्यांना दुखतही नाही. ते नाताळला येणार नाहीत. ते देवाजवळ आहेत, आणि देव एक दिवस सगळ्यांना पुन्हा उठवणार आहे असा आपला विश्वास आहे.’ मूल तोच प्रश्न उद्या पुन्हा विचारेल. उत्तर त्याच शब्दांत द्या. दरवेळी नवी कहाणी रचली की ते गोंधळतं. त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं तर लपवू नका, फक्त कारण सांगा.

‘असतं तर’बद्दल त्याच अकराव्या अध्यायात बघा. लाजरच्या बहिणी मार्था आणि मरीया दोघी वेगवेगळ्या येऊन तेच बोलतात: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता (वचन २१ आणि ३२). येशू दोघींनाही दटावत नाही. मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरीयेला रडताना पाहून मात्र व्याकूळ होतो, आणि स्वतः रडतो. दोघींचा भाऊ एकच, तरी उत्तरं दोन. तुम्हाला आज कोणतं लागतंय ते ओळखा. शिकवण पेलत नसेल तर ‘येशू रडला’ या ३५व्या वचनावर थांबा.

व्यवहाराचं सांगायचं तर पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘त्या दिवशी मला काय माहीत होतं’, उजवीकडे ‘नंतर काय कळलं’. अपराधीपणा बहुतेक वेळा उजव्या बाजूच्या माहितीवर डाव्या बाजूच्या माणसाला शिक्षा करतो. डावीकडे खरोखरच काही चूक उरली, हयगय झाली, बोलू नये ते बोललो, तर ते देवापुढे नाव घेऊन कबूल करा (१ योहान १:९), आणि पाळकांपुढे किंवा विश्वासू माणसापुढे एकदा मोठ्याने बोला. कॅथलिक असाल तर कन्फेशनला जा. उरलेलं ‘असतं तर’ हे पाप नव्हे, तो शोक आहे. त्याला क्षमा मागत बसलात तर क्षमा कधीच मिळाल्यासारखी वाटणार नाही, कारण क्षमा करण्यासारखं तिथे काही नसतं.

मिस्सावही

कॅथलिक घरांसाठी थोडं. गेलेल्या माणसासाठी नाताळच्या दिवसांत मिस्सा (कॅथलिक प्रभुभोजनाची उपासना) अर्पण करायचा असेल तर धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कार्यालयात लवकर नाव द्या. २४ आणि २५ तारखेचं मिळणं कठीण असतं. नाताळचा काळ काही २५ तारखेला संपत नाही, २६ ते ६ जानेवारीपर्यंतचा कोणताही दिवस चालतो आणि चर्चही शांत असतं. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, पण त्यांच्या आयुष्याबद्दल नाव घेऊन देवाचे आभार मानतात. घरात दोन्ही परंपरांची माणसं असतील तर २४ तारखेच्या एकत्र प्रार्थनेत आभाराचीच प्रार्थना ठेवा, त्यावर कोणाचाच आक्षेप नसतो.

एक वेगळा मुद्दा. ‘देव ही पोकळी भरून काढेल’ हे वाक्य फार ऐकू येतं. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी १९४३च्या नाताळच्या आदल्या दिवशी बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात नेमकं याच्या उलट म्हटलं आहे: देव ती जागा भरत नाही, उलट ती रिकामी ठेवतो, आणि त्यामुळे वेदनेसकट का होईना, आपलं नातं टिकतं. तेव्हा मेजावरची त्यांची खुर्ची दुसऱ्या कोणाला देऊन टाकायची घाई करू नका. अर्थात ती बघवत नसेल तर हलवा. तो विश्वासाचा प्रश्न नाही, सोयीचा आहे.

गव्हाणी

राहून गेलेलं महत्त्वाचं: प्रार्थनेबरोबर डॉक्टर कधी?

शोक लाटांसारखा येतो. मध्ये एखादा तास बरा जातो, आठवणीने हसूही येतं. दोन आठवडे दिवसभर मन तसंच बधिर, खाणं-झोप विस्कटलेली, कशातच रस नाही आणि स्वतःबद्दल ‘मी कुचकामी’ असं सारखं वाटतं, तर डॉक्टरांना दाखवा. ‘मीही गेलो तर बरं’ किंवा स्वतःला संपवण्याचा विचार आला तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी घरच्या माणसाला सांगा, डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा, एकटं राहू नका. तीव्र शोक कमी न होता लांबतो त्यालाही आता वेगळं निदान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निकषांत मोठ्यांसाठी बारा महिन्यांनंतर त्याचा विचार करतात. गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे. एलीयाची भाकर आठवा.

सांजवात

शेवटचं. २४ पासून पुढे रोज काय वाचावं? नेहमीची वाचनं आनंदाचीच असतात.

वचनवाचक

नेहमीची वाचनंही तेवढी गोड नाहीत, आपण ती गोड करून वाचतो.

२४ ला लूक २:१–२० मोठ्याने वाचा. मेंढपाळांना ‘भिऊ नका’ सांगावं लागलं, कारण ते भयभीत झाले होते. १९व्या वचनात येशूची आई मरीया काहीच बोलत नाही, सगळं मनात ठेवते. तुम्हालाही त्या दिवशी बोलावं लागणार नाही. २५ ला योहान १:१–५, बस्स. २६ आणि २७ ला स्तोत्र ४२ आणि ४३. ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास’ हा प्रश्न दोन्ही मिळून तीनदा येतो. गाणारा स्वतःच्या जिवाची समजूत काढतो, आणि एकदा काढून भागत नाही.

२८ डिसेंबर हा पाश्चात्त्य मंडळीत हेरोदाने मारलेल्या बाळांचा दिवस. मत्तय २:१३–१८ वाचा. इस्राएलाची पूर्वमाता राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन पावत नाही. नाताळच्या नाटकांतून ही वचनं हमखास गाळतात, पण मत्तयाने ती जन्मकथेतच ठेवली आहेत, आणि तो राहेलीला गप्प करत नाही. २९ ला लूक २:२२–३८. त्यात शिमोन बाळाला हातांत घेऊन मरीयेला तिच्या जिवातून आरपार जाणाऱ्या तलवारीबद्दल सांगतो, आणि सात वर्षांच्या संसारानंतर विधवा झालेली, म्हातारी हन्ना मंदिरात भेटते. ३० आणि ३१ ला विलापगीत ३. त्याची ६६ वचनं आहेत, म्हणून दोन भाग करा. ‘त्याची दया रोज सकाळी नवी होते’ हे वचन २२–२३ मध्ये आहे, आणि त्यानंतर लिहिणारा पुन्हा रडू लागतो (४८–४९). पुढे ६ जानेवारीपर्यंत मंडळीच्या नेमलेल्या वाचनांबरोबर चाला.

दिवसाला एकच भाग. एखादा चुकला तर मागचा भरून काढत बसू नका, त्या तारखेचा वाचा.